काच चाटणारा पाहुणा

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर पिशवीतून मिळणारा बोटभर मासा… मोठा झाल्यावर जातो कुठे?

रविवारची सकाळ. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात घोड्यावर बसलेले नेताजी नुकतेच उन्हात न्हाऊ लागलेत. मेट्रोच्या जिन्यातून वर येणारी गर्दी आज ऑफिसला निघालेली नाही. कुणाच्या हातात रिकामा पिंजरा, कुणाच्या हातात झाकणाचा डबा, तर कुणाच्या कडेवर अर्धवट झोपेतलं पोर. सगळ्यांची पावलं वळतात ती बागबाजारच्या कालव्याच्या दिशेनं. तिथं आहे गॅलिफ स्ट्रीट.

एकेकाळी हा ट्रामचा शेवटचा थांबा. आज या रस्त्याची ओळख आहे ती दर रविवारी भरणाऱ्या 'शखेर हाट'मुळे. बंगाली 'शख' म्हणजे आपला शौक. थोडक्यात, हौसेचा बाजार! कुत्र्याची पिल्लं, ससे, कबुतरं, गुलाबाची कलमं, कुंड्या, खतं… आणि मासे. काचेच्या पेट्यांतले, प्लास्टिकच्या टबातले, ॲल्युमिनियमच्या हंड्यांतले. तोंड फुगवून बांधलेल्या पारदर्शक पिशव्या ओळीनं लटकलेल्या असतात आणि प्रत्येक पिशवीत एक-एक रंग पोहत असतो. लाल, निळा, सोनेरी, चंदेरी.

या रंगपंचमीत एक पिशवी मात्र अगदीच निराळी. तिच्यातला मासा काळपट, ठिपकेदार, खरबरीत. बोटाच्या दोन पेरांएवढा. पोहत तर मुळीच नाही. पिशवीच्या आतल्या बाजूला तोंड चिकटवून तो स्वस्थ बसलेला. लहान मुलं नेमकी याच पिशवीपाशी थबकतात. बाहेरून बोट लावतात. तरी स्वारी जागची हलत नाही!

हाच तो प्लेको. आपल्याकडच्या दुकानांतला 'सकर'. विक्रेत्याचं वर्णन ठरलेलं असतं. काच साफ करतो, बाकीच्या माशांची घाण खातो, वेगळं खाणं घालावं लागत नाही. शिवाय स्वस्त. एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक कशाला मागे हटेल? गोल्डफिशच्या जोडीबरोबर एक सकर पिशवीत पडतोच.

विक्रेत्याच्या बोलण्यात काही अर्धसत्यं आहेत. आणि एक पूर्ण सत्य तो सांगतच नाही. ते समजून घ्यायचं तर या बाजारातून निघून याच शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. पण त्याआधी या पाहुण्याची नीट ओळख तर करून घेऊ.

चिलखत घातलेला मासा

प्लेकोचं माहेर दक्षिण अमेरिका. ॲमेझॉन, ओरिनोको, पराना अशा महानद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे. ज्या कुळात तो मोडतो त्याचं शास्त्रीय नाव लोरिकॅरिडी. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांमधलं हे सर्वांत मोठं कूळ. जवळपास एक हजार जाती! नावाच्या मुळाशी 'लोरिका' हा लॅटिन शब्द. अर्थ, चिलखत. कारण या माशाच्या अंगावर खवले नसतात. हाडांच्या कठीण पट्ट्या असतात, एकीवर एक बसवलेल्या.

१७५८ साली लिनियसनं सुरिनामच्या एका माशाला जे नाव दिलं त्यात 'प्लेकोस्टोमस' हा शब्द होता. पुढे हौशी मंडळींनी त्याचं 'प्लेको' केलं आणि मग त्या कुळातला जवळजवळ प्रत्येक चिकटू मासा प्लेको झाला. गंमत म्हणजे आज आपल्या दुकानांत जो मिळतो, तो बहुतेक वेळा लिनियसचा मासा नसतोच. तो असतो त्याचा भाऊबंद, टेरिगोप्लिक्थिस. पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला.

त्याचं तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं. या वाटीनं तो दगडाला, लाकडाला, काचेला घट्ट धरतो. जोराच्या प्रवाहात वाहून न जाण्यासाठी निसर्गानं केलेली ही सोय. चिकटलेला असतानाही त्याचा श्वास चालू राहतो आणि दातांच्या बारीक ओळींनी शेवाळ खरवडणंही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तर तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. ही हवा जाते पोटात आणि जठराच्या भिंतीतून तिच्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. म्हणजे याचं पोट वेळप्रसंगी फुप्फुसाचं काम करतं!

डोळाही अजब. भरदिवसा उजेड जास्त झाला की डोळ्यातला एक छोटा पडदा बाहुलीवर उतरतो. अंधार पडला की तो वर सरकतो. हा निशाचर आहे. दिवसा चिकटून झोपल्यासारखा दिसतो आणि घरातले दिवे मालवले की याची दिवाळी सुरू होते.

काच चाटून पोट भरत नाही

आता ते अर्धसत्य. प्लेको काच साफ करतो हे खरं, पण केवळ काचेवरचं शेवाळ खाऊन तो जगतो हे खोटं. नवीन टाकीत शेवाळ असतं किती? चार दिवसांत तो ते संपवतो. मग काच लख्ख दिसते, घरातली मंडळी खूष होतात आणि पाहुणा मात्र उपाशी राहतो.

'बाकीच्या माशांची घाण खातो' हा समज तर त्याहून घातक. कुठलाही मासा दुसऱ्याच्या विष्ठेवर जगत नाही. उलट प्लेकोचीच विष्ठा भरपूर. लांबच लांब दोरे टाकीत तरंगताना दिसतात. शेवाळासारखं निःसत्त्व अन्न पचवायचं म्हणून त्याचं आतडं लांबलचक, वेटोळ्या-वेटोळ्यांचं असतं. सतत थोडं थोडं खायचं आणि सतत बाहेर टाकायचं, हा त्याचा दिनक्रम. तेव्हा सफाई कामगार म्हणून आणलेल्या या माशापायी टाकीची सफाई वाढते, कमी होत नाही.

उपाशी प्लेको ओळखायचा कसा? तो काचेला चिकटलेला असताना समोरून पाहावं. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत खपाटीला गेलं असेल, डोळे खोल गेलेले दिसत असतील, तर त्याचे हाल चाललेत. असा भुकेला प्लेको रात्री संथ पोहणाऱ्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो आणि त्यावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर चट्टे दिसतात. घरचे म्हणतात, मासा खुनशी निघाला. खुनशी कसला, भुकेला होता!

मग त्याला द्यायचं काय? याचं उत्तर आपल्या भाजीच्या टोपलीतच आहे. दुधीची चकती, काकडीचा तुकडा, पालकाचं पान, सोललेले मटार, एखाद वेळी रताळं किंवा गाजर. भाजी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं मऊ करावी. मीठ नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच! गार झाल्यावर ती बुडून राहावी म्हणून स्टीलच्या चमच्याला टोचून किंवा स्वच्छ धुतलेल्या दगडाला बांधून टाकीत सोडावी. वेळ रात्रीची, दिवे मालवल्यानंतरची. सकाळी उरलेला तुकडा आठवणीनं काढून टाकावा. नाहीतर तो कुजतो आणि पाणी नासतं.

दुकानात तळाला जाणाऱ्या चकत्या मिळतात. शेवाळापासून केलेल्या या चकत्या पोटभरीच्या. त्या आलटून पालटून द्याव्यात. आठवड्यातून एकदा कोळंबीचा बारीक तुकडा चालतो. पण रोज मांसाहार नको. लांब आतड्याला तो सोसत नाही.

आणखी एक वस्तू हवी. लाकूड! टाकीसाठी मिळणारं, पाण्यात बुडणारं वाळकं लाकूड. त्याच्या आडोशाला प्लेको दिवस काढतो, त्यावर जमणारा सूक्ष्म थर रात्री खरवडतो. या कुळातल्या पॅनाक नावाच्या काही जाती तर चक्क लाकूडच कुरतडतात. आडोसा नसलेल्या उघड्या टाकीत हा मासा कायम धास्तावलेला राहतो.

जे सांगितलं जात नाही

इथवर सगळं जमण्यासारखं आहे. दुधी काय, घरात असतोच. अडचण वेगळीच आहे आणि ती विक्रेता सांगत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा वाढतो!

थोडाथोडका नाही. नीट खायला मिळालं तर टेरिगोप्लिक्थिस ४० ते ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, कधी त्याहूनही जास्त. दिवाणखान्यातल्या दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. शेपटीच्या एका फटक्यात झाडं उपटली जातात, शंख-शिंपले उलटेपालटे होतात, झाकणावर धाडकन आवाज येतो आणि रात्री घरातली म्हातारी माणसं दचकून उठतात.

या माशाला निदान सहा फुटी टाकी हवी. पाचशे लिटरहून अधिक पाणी. महानगरातल्या दोन खोल्यांच्या घरात ती ठेवणार कुठे?

मग घरात दोन पक्ष पडतात. टाकी धुणाऱ्या आईचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. ज्याच्या वाढदिवसाला मासा आणला तो मुलगा आता दहावीच्या अभ्यासात बुडालेला असतो. पण मासा काढायचं म्हटलं की त्याचेच डोळे भरतात. दुकानदार परत घ्यायला तयार होईलच असं नाही. इतका मोठा सकर विकत कोण घेणार? मारायला हात होत नाही. कसा होईल? वर्षानुवर्षं रात्री दुधी खाऊ घातलेला जीव तो.

आणि मग एका संध्याकाळी कुणीतरी बादली उचलतं. जवळचं तळं, कालवा, नदी. पाण्यात बादली उलटी होते. एक फटका मारून मासा दिसेनासा होतो. मुक्या जीवाला मोकळं केलं, पुण्य लागेल, असं म्हणत मंडळी समाधानानं घरी परततात.

त्या पुण्याचा हिशेब पाहायचा तर आता शहराच्या पूर्वेला जायला हवं.

शहराची किडनी

कोलकात्याच्या पश्चिमेला हुगळी वाहते. पण शहराचा उतार नदीकडे नाही. जमीन पूर्वेकडे उतरत जाते आणि शहराचं सांडपाणीही तिकडेच जातं. बायपासचा मोठा रस्ता ओलांडून सायन्स सिटी मागे टाकली की उंच इमारती अचानक संपतात. समोर उघडतं एक निराळंच जग. नजर जाईल तिथवर पाणी. पाण्यामधून जाणारे मातीचे बांध, बांधावर नारळ, बांबूच्या झोपड्या, लांबट होड्या आणि काठावर ध्यान लावून बसलेले बगळे. दर दहा मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, एवढीच काय ती महानगराची आठवण.

ही पूर्व कोलकात्याची पाणथळ. क्षेत्र साडेबारा हजार हेक्टर. इथल्या मत्स्यतलावांना बंगालीत 'भेडी' म्हणतात. आपली भेंडी नव्हे, भेडी! शहराचं सांडपाणी कालव्यांतून इथं येतं. उथळ भेड्यांमध्ये ते उन्हात तापतं. सूक्ष्म जंतू त्यातल्या घाणीचं विघटन करतात, पाण्यावर शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या खाऊन रुई, कातला, मृगळ, तिलापिया पोसले जातात. पुढे हेच पाणी भातशेतीला जातं. वर्षाकाठी दहा हजार टनांहून जास्त मासे यातून निघतात आणि शहराच्या बाजारात पोचतात. ज्या कामासाठी इतर शहरं यंत्रं बसवतात आणि विजेची बिलं भरतात, ते काम इथं ऊन आणि मासे करतात. म्हणूनच या भागाला शहराची किडनी म्हणतात.

या व्यवस्थेचं मोल जगाला पटवून दिलं ते ध्रुवज्योती घोष या अभियंत्यानं. सरकारी नोकरीत असताना सांडपाण्याचं पुढे काय होतं याचा माग काढत ते इथवर पोचले आणि इथल्या कोळ्यांकडूनच शिकले. २००२ साली या पाणथळीची नोंद रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाली. घोष २०१८ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर ज्या धोक्याबद्दल सांगितलं, तो होता बिल्डरांचा, भराव घालून भेड्या गिळणाऱ्यांचा. दुसरा एक धोका मात्र पाण्याखालून, आवाज न करता आला.

जाळ्यात काटे

भेडीत जाळं ओढायचं म्हणजे दहा-पंधरा माणसांचं काम. पहाटेच्या गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, दोन्ही बाजूंनी जाळं आवळत न्यायचं आणि शेवटी चंदेरी मासळी उसळू लागली की हंड्या भरायच्या. हल्ली त्या चांदीत काळे ठिपकेदार गोळे दिसतात. तोच तो गॅलिफ स्ट्रीटवरच्या पिशवीतला पाहुणा! आता हातभर झालेला.

हे मासे जाळ्यात येतात तेव्हा पाठीवरचा आणि छातीवरचे पर ताठ करतात. परांचे काटे धाग्यांत अडकतात. सोडवता सोडवता हात रक्ताळतात, जाळं फाटतं. सोडवून उपयोग काय? बाजारात या माशाला गिऱ्हाईक नाही. कोळी त्याला बांधावर फेकतात आणि तिथंही तो बराच वेळ जिवंत राहतो. पोटानं श्वास घेणारा ना तो!

ज्या ज्या गुणांचं मत्स्यालयात कौतुक होतं, तेच गुण इथं डोक्याला ताप झालेत. शेवाळ खातो? मग रुई-मृगळांच्या तोंडचा घास पळवतो. कमी प्राणवायूत टिकतो? मग सांडपाण्याच्या भेडीत त्याच्यासारखा सुखी कुणी नाही. अंगावर चिलखत? मग मोठे मासे आणि पाणपक्षी सहजासहजी वाटेला जात नाहीत. शिवाय हा बाप म्हणून फार दक्ष. नर मासा काठाच्या मातीत मीटरभर खोल बीळ करतो, मादी त्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर दाराशी पहारा देतो. अशी बिळं वाढत गेली की मातीचे बांध पोखरले जातात. भेडीचा बांध म्हणजे कोळ्याची तिजोरी. ती फुटली की वर्षाची कमाई शेजाऱ्याच्या पाण्यात!

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचं कोलकात्याजवळ राहारा इथं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी भेड्यांतल्या या माशांचा अभ्यास केला आहे. हे मासे इथं केवळ जगत नाहीत, तर प्रजाही वाढवत आहेत.

हे आले कुठून? काही बादल्यांतून. काही आले ते शोभेचे मासे वाढवणाऱ्या तळ्यांतून. कोलकात्याच्या आसपास, हावड्यात आणि दोन्ही चोवीस परगण्यांत, शोभेचे मासे वाढवणं हा घरोघरचा धंदा आहे. अंगणातल्या तळ्यांत, सिमेंटच्या टाक्यांत मासे पोसून कितीतरी कुटुंबांनी मुलांची शिक्षणं केली. वाईट काहीच नाही त्यात. पण पावसाळ्यात तळी तुडुंब भरून वाहतात आणि बंगालच्या सपाट मुलखात पाण्याला सीमा नसते. एका तळ्यातला मासा दुसऱ्यात जायला किती वेळ लागतो?

बर्गी आणि खंदक

गॅलिफ स्ट्रीटवर आलेल्या मराठी माणसानं जवळच्याच एका गल्लीच्या नावाची पाटी आवर्जून वाचावी. मराठा डिच लेन! १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या. घोडेस्वार बारगीर. बंगाली माणसानं त्यांना म्हटलं 'बर्गी'. त्यांची दहशत एवढी की बर्गींचा उल्लेख असलेली अंगाई आजही तिथं गाऊन मुलांना झोपवतात. कलकत्ता वाचवण्यासाठी तेव्हा शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात होत होती या बागबाजारच्या अंगाला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबलं. कारण बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत! पुढे १७९९ मध्ये त्या खंदकाच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. उरली ती गल्लीची पाटी.

घोड्यावरून येणाऱ्यांसाठी खंदक खणता येतो. हा पाहुणा मात्र हौसेनं, पैसे मोजून, पिशवीतून घरी आणला जातो. त्याला कुठला खंदक अडवणार?

आणि हे दुखणं एकट्या कोलकात्याचं राहिलेलं नाही. केरळ, तमिळनाडू आणि आंध्रातल्या पाण्यात हा मासा सापडतो. आपल्या उजनीच्या जलाशयातही कोळ्यांच्या जाळ्यात तो आला आहे. शेजारच्या बांगलादेशानं तर २०२३ मध्ये या माशावर बंदीच घातली.

त्याच्या माहेरी मात्र असं नाही. ब्राझीलमध्ये त्याला 'अकारी' किंवा 'बोडो' म्हणतात. लोक त्याला निखाऱ्यावर चिलखतासकट भाजतात आणि कवच फोडून आतलं मांस खातात. सुकवून त्याचं पीठही करतात. तिथं त्याला खाणारे मोठे मासे, मगरी, पक्षी आणि माणसं आहेत. ॲमेझॉनमध्ये तो नदीच्या कुटुंबातला एक. वाईट मासा असा नसतोच, चुकीची जागा असते.

म्हणून पाळायचाच नाही?

तसं मुळीच नाही. प्लेकोसारखा मजेदार सोबती क्वचित मिळतो. फक्त निवड दुकानदारावर सोडू नये. या कुळातच 'ब्रिसलनोज' नावाचा एक लहानखुरा मासा आहे. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. नराच्या नाकावर झुडपासारखे फुटवे येतात, त्यामुळे चेहरा मिशाळ आजोबांसारखा दिसतो. तो वाढून वाढून १२ ते १५ सेंटिमीटर होतो. तीन फुटी, शंभरेक लिटरच्या टाकीत सुखानं राहतो आणि शेवाळही मन लावून खातो. किंमत थोडी जास्त, पण पुढचा सगळा ताप वाचतो.

आणि घरात आधीच मोठा सकर असेल तर? टाकी मोठी करावी. ते जमत नसेल तर दुकानदाराला विचारावं, ओळखीतल्या हौशी माणसाला विचारावं, मोठी टाकी असलेल्या एखाद्या संस्थेला विचारावं. दहा ठिकाणी नकार मिळेल, अकराव्या ठिकाणी जागा मिळेल. पण तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नये. देवळाच्या तळ्यात तर नाहीच. एका जिवाची सुटका म्हणजे तिथल्या हजार जिवांच्या तोंडचा घास, आणि कुण्या कोळ्याच्या घरची चूल.

प्लेको पाळताय? एवढं लक्षात ठेवा

• घेण्याआधी विचारा, हा किती मोठा होणार? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

• पाण्याचं तापमान २२ ते २८ अंश सेल्सियस. फिल्टर दणकट हवा. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला.

• नळाचं पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय वापरू नका.

• खाणं रात्री, दिवे मालवल्यावर. मऊ केलेली भाजी किंवा चकती. उरलेलं सकाळी काढा.

• लपायला लाकूड किंवा मातीचं आडवं मडकं ठेवा.

• तांबं असलेली औषधं या माशाला बाधतात. डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय टाकीत काही घालू नका.

• टाकीवर झाकण हवं. प्लेको उडी मारतो.

• जाळीनं पकडू नका, काटे अडकतात. डब्यात किंवा भांड्यात घेऊन हलवा.

दुपार होत आली की गॅलिफ स्ट्रीट आवरू लागतो. विक्रेते हंड्यांतलं पाणी ओततात, उरलेल्या पिशव्या पेट्यांत भरतात. रस्ता ओला, मासळी आणि मोगऱ्याचा मिश्र वास. गर्दी परत श्यामबाजारकडे निघते. कुणीतरी एक चिमुरडी दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून चाललेली असते, पाणी हिंदकळू नये म्हणून जपून. आत तो काळा, बोटभर पाहुणा तोंड चिकटवून बसलेला.

त्याला अजून दहा-पंधरा वर्षं जगायचं आहे. तिच्या घरी रोज रात्री कुणीतरी आठवणीनं दुधीची चकती टाकणार असेल, तर त्याचं भलं. आणि पूर्वेकडच्या भेडीवर पहाटे जाळं ओढणाऱ्यांचंही.